'तसला' मुलगा

गेल्या दिवाळीतली गोष्ट सांगते. पाडव्याची सकाळ होती. फराळाची ताटे एका घरातून दुसऱ्या घरात जात-येत होती, आणि यंदा कोणाच्या चकल्यांना काटा सुरेख आला व कोणाचे अनारसे तुपात हसले याची चर्चा जिन्यात रंगली होती. अशा वेळी आमच्या वरच्या मजल्यावरची सून डबा घेऊन खाली आली. सून तिच्या सासूबाईंची. पण त्यांचे नि माझे तीस वर्षांचे सख्य, म्हणून मीही तिला सूनच मानते. डबा तिने ओट्यावर ठेवला आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"काकू, यावर तुमची एक सही हवी होती. तुम्ही एवढी वर्षं शाळेत होतात. तुमच्या सहीला वजन आहे."

मी चष्मा लावून कागद वाचला. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज होता. इयत्ता दुसरीच्या वर्गात यंदा दाखल झालेल्या एका मुलामुळे इतर मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो, सबब त्याची 'योग्य त्या ठिकाणी' व्यवस्था करावी, अशी नम्र विनंती त्यात केली होती. खाली तेवीस पालकांच्या सह्या होत्या.

"करतो तरी काय हा मुलगा?" मी विचारले.

"तसं वाईट काही करत नाही हो. पण घंटा झाली की कानांवर हात ठेवून ओरडतो. मध्येच उठून वर्गात फिरतो. हात हलवत बसतो. कुणाशी बोलत नाही. तो... तसला आहे ना, काकू."

तसला! आपली मराठी भाषा मोठी सोयीची आहे. ज्याचे नाव घ्यावयाचे नाही, ज्याच्या घरी जाऊन विचारपूस करावयाची नाही, परंतु ज्याला दाराबाहेर मात्र काढावयाचे आहे, अशा माणसासाठी तिने हा तीन अक्षरी शब्द तयार ठेवला आहे. त्यात शिवी नाही, म्हणून बोलणाऱ्याच्या जिभेला चटका बसत नाही. आणि अर्थ तर असा पुरेपूर भरलेला की ऐकणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारावाच लागत नाही.

मी सही केली नाही. "कागद राहू दे, सावकाश वाचते," एवढेच म्हणाले. चौतीस वर्षे बोलण्याचाच धंदा केलेल्या मला त्या घटकेला धड उत्तर सुचले नाही, याची चुटपुट मला पुढे कितीतरी दिवस लागून राहिली होती. ते राहिलेले उत्तर आज लिहीत आहे. ते त्या एका पोरीसाठी नाही. ती गुणी आहे. सासूच्या आजारपणात तिने रात्री जागवल्या आहेत. आणि म्हणूनच मला हे लिहिणे भाग आहे. दुष्ट माणसांनी असा अर्ज केला असता तर तो फाडून टाकून मोकळे होता आले असते. खाली होत्या त्या भल्या माणसांच्या सह्या.

सणासुदीला हा कडू घास कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतोच की नाही? गोडाधोडाला हात घालावयाचा तो त्यानंतर. हा लेख म्हणजे ते कारीट समजावे.

२

पहिली गोष्ट ही, की 'तसला' मुलगा शाळेच्या दारात आज पहिल्यांदाच उभा राहिलेला नाही. तो फार जुना आहे. फक्त त्याचा चेहरा दर काही वर्षांनी बदलतो.

१८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढली तेव्हा 'तसली' होती ती मुलगी. तिने अक्षर गिरवले तर घर बुडेल, धर्म बुडेल, असे सांगणारे लोक आपल्याच आळीत राहत होते. १८५६ साली धारवाडात, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, एका महार मुलाने सरकारी शाळेत नाव घालण्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. सरकारने काय कारण द्यावे? न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने नाकारले नाही; पण त्या एकट्यासाठी मध्ये पडले तर बाकीच्या साऱ्या लोकांना ती शाळा निरुपयोगी होऊन बसेल, असे त्याचे म्हणणे होते. पुढे साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या मुलाने पुढे देशाची घटना लिहिण्याचे काम केले.

अस्पृश्यतेचे दुःख आणि अपंगत्वाचे दुःख एका तराजूत घालावे असे माझे म्हणणे नाही. दोन्हींची मुळे वेगळी, इतिहास वेगळा. पण दार लावून घेणाऱ्याची भाषा मात्र दोन्हीकडे तीच आहे. 'आमचे त्याच्याशी वैर नाही. त्याच्यावर अन्याय होतो हेही खरे. पण एकासाठी सगळ्यांनी का सोसावे?' धारवाडचा तो सरकारी कागद आणि माझ्या टेबलावरचा अर्ज शेजारी शेजारी ठेवले तर दोहोंचा मसुदा एकाच कारकुनाने केला आहे असे वाटावे.

३

दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी स्वतःच्या पदरात काय आहे ते दाखवणे बरे. माझ्या पदरात दोन मुले आहेत.

१९८६ साली मी पाचवीला मराठी शिकवीत होते. वर्गात एक मुलगा होता. बोलायला लागला की ऐकत राहावे. गावाकडच्या जत्रेचे वर्णन तो असे करी की पाळण्यांची करकर कानांत यावी. तोंडी हिशेब चोख. परंतु पुस्तक हातात दिले की त्याच्या कपाळावर घाम येई. 'कमल'चे तो 'मकल' वाची, वेलांट्या आणि काने-मात्रे गाळून टाकी, आणि एकच शब्द एका पानात तीन प्रकारे लिही. मी त्याला आळशी ठरवले. चुकलेला प्रत्येक शब्द शंभर वेळा लिहून आणण्याची शिक्षा दिली. तो शंभर वेळा लिहून आणी. त्यांतला चाळिसावा पुन्हा चुकलेला असे. मग मी त्याला दाराजवळच्या बाकावर बसवले. वर्ग त्याला 'ढ' म्हणे. एकदा तो शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारला आणि सगळा वर्ग हसला, तेव्हा मीही हसले. मी त्याला कधी मारले नाही, असे मी पुष्कळ वर्षे सांगत असे. ते खरे नाही. दोनदा पट्टीने मारले होते.

सातवीत नापास होऊन त्याने शाळा सोडली. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने वाचन-लेखनाची अशी अडचण असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, तेव्हा त्या निमित्ताने झालेल्या एका शिबिरात मी जाऊन बसले. वक्ते लक्षणे सांगत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते. ती लक्षणे मी रोज लाल शाईने अधोरेखित केली होती! पुढे वाचताना कळले, की बुद्धीने तल्लख पण अक्षरापाशी अडणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ सालीच वैद्यकाच्या नियतकालिकात छापली होती. म्हणजे मी पट्टी उगारली त्याच्या नव्वद वर्षे आधी. जगाला ठाऊक होते. माझ्या शिक्षणशास्त्राच्या पदविकेला ते ठाऊक नव्हते.

गोष्टींतून असे विद्यार्थी मोठे होऊन मोटारीतून येतात आणि बाईंच्या पाया पडतात. माझ्या गोष्टीत तसे झाले नाही. तो कोठे आहे हे मला माहीत नाही.

दुसरी, एक मुलगी. पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. १९९१ साली ती आठवीत आली आणि आठवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. तिचे वडील रोज सकाळी तिला पाठुंगळी घेऊन छत्तीस पायऱ्या चढत आणि संध्याकाळी उतरवून नेत. मधल्या वेळात तिला खाली जाता येत नसे. म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे, हे मला फार उशिरा समजले. पावसाळ्यात वडिलांच्या कंबरेने दगा दिला. त्यांनी विनंती केली, की आठवीचा वर्ग तेवढा तळमजल्यावर आणावा. शिक्षकसभेत विषय निघाला. वेळापत्रक विसकटेल, प्रयोगशाळा लांब पडेल, पाचवीची लहान मुले जिन्यावर दंगा करतील, आणि मुख्य म्हणजे एका मुलीसाठी अख्खा वर्ग कसा हलवायचा, असे सर्वांचे मत पडले. 'सर्वांचे' म्हणजे माझेही. मी हात वर केला नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली ती तिच्याविना.

त्याच वर्षी मे महिन्यात संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या घरी लग्न निघाले. जानवसघर म्हणून शाळेची इमारत दिली. खालच्या पाच वर्गांतली बाके, टेबले, फळे दीड तासात वर गेली आणि वरची सतरंज्यांसाठी खोल्या रिकाम्या करून गच्चीत गेली. शिपायांनी हूं की चूं केले नाही. वेळापत्रक, प्रयोगशाळा, शिस्त यांपैकी कोणीही वराच्या वाटेत आडवे आले नाही. त्या दिवशी मला कळले, की शाळेत काहीच न हलवता येण्याजोगे नसते. कोणासाठी हलवावयाचे, एवढाच प्रश्न असतो.

४

आता आक्षेपांकडे वळते. ते तीन आहेत आणि तिन्ही मी स्वतः घेतलेले आहेत; त्यामुळे त्यांच्याशी माझी चांगली ओळख आहे.

पहिला आक्षेप: 'अशा मुलामुळे सारा वर्ग मागे पडतो.'

२००४ साली माझ्या सातवीत एक अंध मुलगी आली. तोवर मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असे आणि 'हे उतरवून घ्या' म्हणत असे. आता फळ्यावर लिहिलेला प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारणे आले. आठवड्याभराने लक्षात आले, की मागच्या बाकांवरची मुले प्रथमच बिनचूक उतरवून घेत आहेत. त्यांतल्या दोघांना फळा दिसतच नव्हता, चष्मे लागले होते; लाजेने ती बोलली नव्हती. भूगोलाच्या शिक्षकांनी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून महाराष्ट्राचा नकाशा केला: सह्याद्रीला जाड दोर, नद्यांना बारीक दोरा, किनाऱ्याला वाळू. तो केला होता एकीसाठी. पण मधल्या सुट्टीत सगळा वर्ग त्यावर झुंबड करी. मुले डोळे मिटून बोटांनी गोदावरी शोधीत. छापील नकाशात ज्यांना पूर्व-पश्चिम कळली नव्हती त्यांना ती बोटांनी कळली.

हा काही माझा शोध नव्हे. आज ज्या माँटेसोरी पद्धतीच्या नावावर शहरोशहरी भरमसाट फी घेतली जाते, तिचा उगम कोठे आहे? मारिया माँटेसोरी ही रोमची डॉक्टरीण. मतिमंद म्हणून वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या मुलांपासून तिने आरंभ केला. हाताने हाताळण्याची साधने देऊन तिने त्यांना लिहा-वाचायला शिकवले, आणि त्यांतली काही सरकारी परीक्षेत साध्या मुलांबरोबर उत्तीर्ण झाली. लोक तिचे कौतुक करू लागले. तिला मात्र भलताच प्रश्न पडला: ही मुले जर येथवर आली, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा मागे का ठेवत आहेत? १९०७ साली तिने रोमच्या गरीब वस्तीत आपले बालगृह काढले ते या प्रश्नापोटी. तिची पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला रुजवली. ताराबाईंनी ती बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेली. तेथे मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. तिचे नाव 'कुरणशाळा'. मुलाने शाळेला शोभावे की शाळेने मुलाला, या वादाचा निकाल तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या त्या रानात केव्हाच लागलेला आहे. आपण तो वाचलेला नाही, इतकेच.

पण येथे मला माझीच जीभ चावली पाहिजे. त्या अंध मुलीमुळे इतरांचा फायदा झाला, म्हणून ती वर्गात असावी असे मी म्हणू लागले, तर मी तिच्याकडून भाडे वसूल करते आहे. तुमच्या-माझ्या मुलाला वर्गात बसण्यासाठी दुसऱ्या कोणाचा फायदा करून दाखवावा लागतो काय? उद्या एखादे मूल असे येईल की त्याच्यामुळे कोणाचाच काडीइतका लाभ होणार नाही. त्याचीही ती जागा आहे. हक्काला उपयुक्ततेचा दाखला जोडावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मायेचा: 'त्याच्या भल्यासाठीच सांगतो, त्याला वेगळ्या शाळेत घाला.'

विशेष शाळांना मी नावे ठेवणार नाही. मुंबईत मूकबधिरांसाठी शाळा निघाली ती एकोणिसाव्या शतकातच. दादरची अंधशाळा १९०० सालापासूनची. जेव्हा दुसरे कोणीही या मुलांना दारात उभे करीत नव्हते तेव्हा या शाळांनी त्यांना पोटाशी धरले. बहिऱ्या मुलाच्या बाबतीत तर मी याहून पुढे जाईन. त्याला खुणांची भाषा हवी, ती बोलणारे सोबती हवेत. १८८० साली मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेले लोक जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला, की शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करावी आणि मुलांना तोंडाने बोलायलाच लावावे. भल्यासाठीच! त्या भल्याखाली बहिऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या भरडल्या गेल्या. अखेर २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने ते ठराव फेटाळून खेद व्यक्त केला. एकशेतीस वर्षांनी! तेव्हा ज्या वर्गात एकाही माणसाला खुणांची भाषा येत नाही, तेथे बहिऱ्या मुलाला नेऊन बसवणे म्हणजे त्याला सामावून घेणे नव्हे; ती गर्दीतली कैद आहे.

म्हणून प्रश्न वेगळी शाळा की आपली शाळा, हा नाही. प्रश्न आहे, ते ठरवणार कोण? २०१६ च्या कायद्याने याचे उत्तर स्वच्छ दिले आहे. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला घराजवळच्या शाळेत अथवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे. त्याच्या पसंतीने! तेवीस पालकांच्या नव्हे. आमच्या जिन्यातल्या अर्जात 'योग्य ते ठिकाण' कोणते हे त्या मुलाच्या आईला कोणी विचारले होते काय? त्या अर्जावर साऱ्या वर्गाच्या सह्या मागितल्या. ज्याच्याविषयी अर्ज, त्याच्याच घरचे दार कोणी वाजवले नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही: 'एका बाईने पन्नास मुले सांभाळायची की या एकाला?'

खरे आहे. शिक्षणहक्क कायदा झाला २००९ साली. प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्ष वर्गात डोकी मोजून पाहा. शिवाय जनगणना आहे, निवडणुका आहेत, आणि भरून द्यावयाच्या तक्त्यांना तर अंतच नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा मुलांसाठी प्राथमिक वर्गांत दहांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा. आपल्या मुलाच्या शाळेत असा एक तरी शिक्षक रोज येतो का, हे विचारलेत का कधी?

परंतु या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढावयाचा, येथे माझे भांडण आहे. इस्पितळात परिचारिका कमी पडल्या तर आपण परिचारिका मागतो. रोगी कमी करा असे म्हणत नाही. शाळेत मात्र शिक्षक कमी पडले की आपण मुलगा कमी करावयास निघतो. तेवीस पालकांनी एकत्र येऊन सह्या केल्या, ही मोठी शक्ती आहे. ती शक्ती वर्गाला दुसरी शिक्षिका मिळवण्यासाठी लावता आली असती. ती लागली सात वर्षांच्या एका पोराला बाहेर काढण्यासाठी. कारण शासनाशी भांडण्यापेक्षा पोराशी भांडणे सोपे असते.

५

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही जुन्या काळच्या गोष्टी उगाळता; आता सारे बदलले आहे. काही बदलले आहे हे खरेच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ झाले. स्वमग्नता त्यात आली, आणि माझ्या १९८६ च्या विद्यार्थ्याची अक्षरांची अडचणही आली. शब्द तर किती बदलले! लुळा-पांगळा गेला, अपंग आला, मग विकलांग, आता दिव्यांग. शब्दांनी मने हळूहळू बदलतात, हे भाषा शिकवणाऱ्या मी तरी नाकारू नये. पण पाटी बदलली म्हणून जिना बदलत नाही. 'दिव्य' म्हणावयाचे आणि दुसऱ्या मजल्यावर बसवावयाचे, ही काही भक्ती नव्हे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसे मोजली गेली. त्यांतल्या ५ ते १९ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ६१ कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत जात होती. आणि शेकडा २७ मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. हे आकडे जुने झाले, पण त्यांतली मुले आज तिशीच्या आत-बाहेरची माणसे आहेत. ती कोठे गेली नाहीत; आपल्यातच आहेत.

आणि जी ६१ शाळेत जात होती त्यांच्याविषयीही मला एक विचारावेसे वाटते. शाळेत असणे म्हणजे शिकणे काय? हल्ली प्रवेश सहसा नाकारत नाहीत. कायद्याचे भय आहे. नाव पटावर घालतात, हजेरी मांडतात, शेवटच्या बाकावर बसवतात, आणि वर्षअखेरीस वर ढकलतात. स्नेहसंमेलनात त्याला रंगमंचावर आणून टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात, छायाचित्र काढतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेवटच्या बाकावर! मुलगा पटावर आहे, वर्गात नाही. दार लावून घेणाऱ्याला निदान आपण दार लावले हे ठाऊक असते. या दुसऱ्या प्रकारात दार सताड उघडे आणि आत शिकवणारे कोणी नाही. मला हा प्रकार पहिल्याहून वाईट वाटतो, कारण यात फसवणारा स्वतःलाही फसवतो.

६

आता त्या कागदाचे काय झाले ते सांगून पुरे करते.

भाऊबीज आटोपल्यावर सुट्टी संपली आणि मी त्या शाळेत गेले. वर्गाची बाई पंचविशीतली, अंगाने चिमुकली. वर्गात अठ्ठेचाळीस मुले. तिने त्या मुलाविषयी एकही तक्रार केली नाही. फक्त म्हणाली, "मला कुणी शिकवलंच नाही हो, याला कसं शिकवायचं ते." घंटेचे कोडेही सुटले. विजेची ती मोठी घंटा नेमकी त्याच वर्गाच्या दारावर बसवलेली. ती वाजली तेव्हा मीही दचकले. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर एक बाई बसली होती. ती त्याची आई. केव्हा बोलावणे येईल याचा नेम नाही, म्हणून ती शाळा सुटेपर्यंत तेथेच बसे. जूनपासून!

घरी येऊन मी अर्जाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर दुसरा अर्ज लिहिला. घंटा दारावरून काढून व्हरांड्याच्या टोकाला लावावी. विशेष शिक्षिका ठरलेल्या दिवशी नेमाने याव्यात. वर्गाला मदतनीस द्यावी. मुलाच्या आईला कट्ट्यावर न बसवता आत बसू द्यावे. खाली सही केली आणि कागद वर नेऊन दिला.

आठ दिवस वरून कोणी आले नाही. नवव्या दिवशी सून आली. "काकू, तुमचं सगळं मला पटलेलं नाही," ती म्हणाली, "पण घंटेचं खरं आहे. आमचीसुद्धा घाबरते." आणि तिने माझ्या सहीखाली आपली सही केलेली दाखवली. एकंदर सात सह्या झाल्या. पुढच्या बाजूला तेवीस, मागच्या बाजूला सात.

जानेवारीत घंटा हलली. विशेष शिक्षिका आता मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मदतनीस अद्याप मिळालेली नाही. त्यासाठी आम्हा सातजणांचे हेलपाटे चालू आहेत. मुलगा आज तिसरीत आहे. चमत्कार काही झालेला नाही. तो अजून उठून फिरतो, हात हलवतो, फारसा बोलत नाही. घंटेला मात्र ओरडत नाही. तेवीसांपैकी काहीजण माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत. माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. १९९१ साली मीही त्यांच्यातलीच होते.

वाचकहो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील. आपली मुले नवी वही घेऊन वर्गात जातील. पहिल्या पालकसभेला जाल तेव्हा गुणपत्रिका पाहून झाल्यावर एकच गोष्ट विचारा: सुट्टीआधी या वर्गात होते आणि आता नाही, असे कोणी आहे काय? आणि असेल, तर ते का गेले?

त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या वर्गात एक जागा रिकामी झाली होती. मी हजेरी घेतली, तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण केली, आणि पुढचे नाव वाचले.